आधी औषध, मग गाडी: सिरोंच्यातला हार्ट अटॅक

प्राणहिता गोदावरीला मिळते तिथे सिरोंचा आहे. जिल्ह्याचं ठिकाण, गडचिरोली, इथून दोनशे किलोमीटरहून लांब. त्यातला आलापल्लीपर्यंतचा रस्ता ज्याने पावसाळ्यात एकदा पार केला, त्याला त्याबद्दल काही सांगायला नको. चंद्रपूरही जवळजवळ तितकंच दूर, आणि नागपूर त्याच्या पुढे. नद्यांवर पूल झाल्यापासून पलीकडचं तेलंगण जवळ आलं. मंचेरियाल, करीमनगर, वरंगळ ही नावं आता सिरोंचा, अंकिसा, आसरअल्लीच्या घरांत गडचिरोलीपेक्षा जास्त ऐकू येतात. पण हार्ट अटॅकच्या हिशेबात हे ‘जवळ’सुद्धा लांबच पडतं.

हिशेब असा आहे. हृदयाची धमनी गाठीने बंद पडली की ती उघडण्याचे दोन मार्ग. एक, अँजिओप्लास्टी: कॅथलॅबमध्ये नेऊन तार आणि फुगा घालायचा. दुसरा, गाठ विरघळवणारं इंजेक्शन. पहिला मार्ग सरस आहे, पण ईसीजीवर निदान झाल्यापासून १२० मिनिटांत तार गाठीपलीकडे जाणार असेल तरच. ते जमणार नसेल तर इंजेक्शन द्या आणि मग पुढे पाठवा, असं जगभरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. सिरोंच्याहून निघालेली गाडी दोन तासांत मोठ्या शहराच्या दारात पोचली, असं धरून चाललो तरी पुढे दाखल करणं, कागद, पैसे, डॉक्टर येणं हे सगळं बाकी असतं. म्हणून इथे पहिला उपचार औषधांचाच. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात तो होऊ शकतो. त्याला सर्जन लागत नाही. ईसीजीचं मशीन, सलाईन, फ्रीजमधली एक कुपी, झटका देणारं डिफिब्रिलेटर आणि निर्णय घेणारा डॉक्टर एवढं पुरतं.

डॉ. अभय बंग यांनी ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ लिहिलं ते याच जिल्ह्यात राहून. त्यातली आहार, व्यायाम, ध्यान ही बाजू मराठी वाचकाला चांगली माहीत आहे. इथे जे लिहिलंय ते त्याच्या आधीचं आहे. छातीत कळ आल्यापासूनचे पहिले सहा तास आणि त्यानंतरचा एक दिवस, मुख्यतः एवढ्यापुरतं.

घाई कशासाठी

धमनी बंद झाली की हृदयाचा स्नायू एकदम मरत नाही. १९७७ मध्ये रायमर आणि जेनिंग्ज यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं की मरण आतल्या थरापासून सुरू होतं आणि तास उलटतील तसं बाहेरच्या थराकडे सरकतं. म्हणजे वाचवण्याजोगा स्नायू काही तास शिल्लक असतो. १९८० मध्ये डीवुड आणि सहकाऱ्यांनी अटॅकच्या पहिल्या चार तासांत अँजिओग्राफी केली, तेव्हा ८७ टक्के रुग्णांत धमनी पूर्ण बंद सापडली. तोपर्यंत गाठ कारण की परिणाम यावर वाद चालू होता. तो संपला आणि गाठ विरघळवण्याचा रस्ता मोकळा झाला.

१९८६ मध्ये इटलीच्या जिस्सी अभ्यासात ११,७१२ रुग्णांवर स्ट्रेप्टोकायनेज हे गाठ विरघळवणारं औषध तपासलं गेलं. सरसकट मृत्यू १८ टक्क्यांनी कमी झाले, पण ज्यांना पहिल्या तासात मिळालं त्यांच्यात ४७ टक्क्यांनी. दोन वर्षांनी आयसिस-२ या अभ्यासात १७,१८७ रुग्ण होते. ना ॲस्पिरिन, ना स्ट्रेप्टोकायनेज, अशा गटात पाच आठवड्यांत १३.२ टक्के दगावले; दोन्ही मिळालेल्यांत ८ टक्के. यात एक गोष्ट लोक विसरतात. एकट्या ॲस्पिरिनने जवळजवळ तेवढंच काम केलं जेवढं एकट्या स्ट्रेप्टोकायनेजने. काही रुपयांची गोळी आणि फ्रीजमधली कुपी, दोघी बरोबरीच्या.

१९९६ मध्ये सगळे अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा मला सर्वांत बोलका वाटतो. इंजेक्शन पहिल्या तासात दिलं तर दर हजारी ६५ जीव जास्त वाचतात, दुसऱ्या तासात ३७. एका तासात जवळपास निम्मे गेले. आणि भारतात? २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिएट’ नोंदणीत २०,४६८ रुग्ण होते. त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचायला लागलेला मध्यम वेळ ३६० मिनिटं. यात शहरातली मोठी रुग्णालयंही धरलेली आहेत. याच तालुक्यातल्या झिंगानूरचा माणूस या आकड्यात कुठे बसेल ते तुम्हीच ठरवा.

पायरी पहिली: ओळखा, आणि ‘गॅस’ म्हणू नका

छातीच्या मधोमध जड वाटणं, आवळल्यासारखं, कोंडल्यासारखं होणं. कळ डाव्या हातात, जबड्यात, पाठीत किंवा बेंबीच्या वर जाणं. दरदरून गार घाम. मळमळ, उलटी, जीव घाबरा होणं. यातलं काहीही वीस मिनिटं टिकलं, विश्रांती घेऊनही थांबलं नाही, तर तो हार्ट अटॅक समजूनच चालायचं. या तालुक्यात निम्मं बोलणं तेलुगूत होतं; ‘गुंडे नोप्पी’, म्हणजे छातीत दुखतंय, म्हणत म्हातारी आली तर दुभाष्याची वाट बघत बसायचं नाही. मधुमेह असलेल्यांत, बायकांत आणि वयस्करांत कळ नसतेच कधी कधी. नुसता दम लागतो, थकवा येतो, घाम फुटतो.

गॅस झालाय म्हणून सोडा, ओवा, अँटासिड घेऊन रात्र काढणं हा इथला सगळ्यात महागडा घरगुती उपाय आहे. अर्जुनसालीचा काढा हा त्याचा भाऊ. एरवी घ्या, त्या रात्री नको. आणि ‘जोरजोरात खोकत राहा’ हा मोबाइलवर फिरणारा सल्ला खोटा आहे, त्यात वेळ घालवू नका.

तरुण मुलगा, अंगात सिकलसेल, छातीत दुखतंय आणि ताप-दमही आहे, असं असेल तर गोष्ट वेगळी असू शकते. गडचिरोलीत सिकलसेल खूप आहे. कार्ड असेल तर ते सोबत घ्या आणि पहिल्या वाक्यात सांगा.

पायरी दुसरी: ॲस्पिरिन चावा

माणसाला बसवा किंवा अर्धवट टेकवा. चालवू नका, जिना चढवू नका, बैलगाडीपर्यंतसुद्धा उचलूनच न्या. मग ॲस्पिरिन. मात्रा ३०० ते ३२५ मिलिग्रॅम, एकदाच, चावून. पाण्यात विरघळणारी गोळी असेल तर उत्तम. घरात आजोबांची इकोस्प्रिन ७५ असेल तर चार गोळ्या होतात. त्या गोळीवर पोटात उशिरा विरघळणारं आवरण असतं, म्हणून ती गिळायची नाही, दातांनी बारीक करायची. चव कडू लागेल, हरकत नाही.

कोणाला द्यायची नाही: ॲस्पिरिनने पूर्वी दमा उठला किंवा अंगावर गांधी आली असेल त्याला, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच चालू असेल त्याला, आणि तोंड वाकडं, हात लुळा, बोबडी वळलेली अशी पक्षाघाताची लक्षणं असतील त्याला. ही शेवटची अट कागदापुरती समजू नका. डॉ. बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत मृत्यूंची कारणं शोधली, तेव्हा पक्षाघात हे सर्वांत मोठं कारण निघालं होतं.

जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट घरात सापडली म्हणून शेजाऱ्याने द्यायची नाही. तिने रक्तदाब पडतो. हृदयाच्या खालच्या बाजूचा अटॅक असेल तर तो इतका पडतो की माणूस तिथेच कोसळतो. लैंगिक शक्तीच्या गोळ्या, म्हणजे सिल्डेनाफिल २४ तासांत किंवा टाडालाफिल ४८ तासांत घेतली असेल, तरी तेच. हा प्रश्न डॉक्टरने नातेवाइकांना बाहेर पाठवून विचारायचा असतो, आणि विचारायचाच असतो.

पायरी तिसरी: गाडी

१०८ लावा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. नदीकाठच्या गावात मोबाइलने पलीकडचा टॉवर पकडला असेल तर फोन तेलंगणात लागू शकतो, म्हणून पहिलं वाक्य: महाराष्ट्र, तालुका सिरोंचा, गावाचं नाव. गाडी यायला तास लागणार असेल तर गावातली जीप काढा. ज्या दिशेला ईसीजी आहे त्या दिशेला जा, आणि निघतानाच फोन करा की येतोय. १९९० च्या दशकापासून परदेशात गाडीतच ईसीजी काढून इंजेक्शन द्यायची पद्धत रुजली. आपल्याकडे ते होईल तेव्हा होईल. तोवर किमान फोन पुढे जाऊ द्या.

मध्ये कुठेही ‘एक सुई मारून घेऊ’ म्हणून थांबायचं नाही. हे मी जरा जोर देऊन लिहितोय. छातीत दुखतंय म्हटल्यावर कमरेत डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन मिळणं हा आपल्या खेड्यांतला रिवाज आहे. त्याचे तोटे दोन. ते औषध हार्ट अटॅकमध्ये घातक ठरतं. आणि दुसरा तोटा पुढे कळतो: दोन तासांनी गाठ विरघळवणारं औषध दिलं की स्नायूत मारलेल्या प्रत्येक सुईच्या जागी रक्त साकळून टेंगूळ येतं. काही वेळा तर त्या सुईच्या धास्तीने डॉक्टर गाठीचं औषधच टाळतो. कमरेवरची सुई नको म्हणा. नर्सला, डॉक्टरला, मामाला, कोणालाही.

पायरी चौथी: दहा मिनिटांत ईसीजी

रुग्णालयाच्या दारात पाऊल पडल्यापासून दहा मिनिटांत बारा लीडचा ईसीजी हातात हवा. केसपेपर नंतर. छाती घामाने ओली असते, पुसून घ्या, नाहीतर रेघ नाचते. शेजारशेजारच्या दोन लीडमध्ये एसटी भाग एक मिलिमीटर किंवा जास्त वर उचललेला असेल (छातीच्या व्ही-२, व्ही-३ मध्ये पुरुषांना दोन किंवा वयानुसार अडीच, स्त्रियांना दीड), तर तो ‘स्टेमी’. गाठीचं इंजेक्शन याच अटॅकसाठी आहे. एसटी खाली गेलेला असेल, किंवा ईसीजी बरा आणि रक्ताच्या तपासणीत ट्रोपोनिन वाढलेलं असेल, तर अटॅक असूनही हे इंजेक्शन द्यायचं नाही. तिथे ते नुकसान करतं. अपवाद एक: व्ही-१ ते व्ही-३ मध्ये एसटी खाली दिसला तर पाठीमागच्या भिंतीचा अटॅक असू शकतो, पाठीवर लीड लावून बघा.

खालच्या भिंतीचा, म्हणजे दोन, तीन, एव्हीएफ लीडमधला अटॅक दिसला की उजव्या छातीवर व्ही-४-आर काढा. उजवी बाजू धरली असेल तर सॉर्बिट्रेट बंद, मॉर्फिन जपून, आणि सलाईन द्या.

ट्रोपोनिनच्या रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही. एसटी उचललेला आहे, कळ आहे, १२ तासांच्या आत आहे: निर्णयाला एवढं पुरे. बॉन्डवर आलेला पंचविशीतला डॉक्टर रात्री दोनला एकटा असतो आणि त्याचा हात थरथरतो, हे समजण्यासारखं आहे. त्याने ईसीजीचा स्पष्ट फोटो काढून वरिष्ठाला किंवा फिजिशियनला पाठवावा. एसटीचा भाग अंगठ्याखाली जाणार नाही एवढं बघावं. दहा मिनिटांत उत्तर आलं नाही तर स्वतः ठरवावं.

पायरी पाचवी: नकाराची यादी

हे औषध गाठ विरघळवतं तसं चांगलं रक्तही पातळ करतं. शंभरात एखाद्याला, किंवा त्याहून थोडं कमी, मेंदूत रक्तस्राव होतो. म्हणून देण्याआधी दोन मिनिटांत हे विचारायचं. पूर्वी कधीही मेंदूत रक्तस्राव झाला होता का? गेल्या सहा महिन्यांत पक्षाघात? गेल्या महिन्याभरात मोठं ऑपरेशन, डोक्याला मार, पोटातून रक्त? रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का? गरोदर आहे का? दोन्ही हातांचा रक्तदाब घ्या. दोन हातांत मोठा फरक असेल, आणि कळ पाठीत चिरत गेल्यासारखी असेल, तर महाधमनी फाटलेली असू शकते. तिथे हे औषध म्हणजे मृत्यू. रक्तदाब १८०/११० च्या वर असेल तर आधी तो खाली आणा, मग द्या. पाळी चालू असणं हा नकार नाही. मधुमेही डोळ्यांचा आजार हाही बहुतेक वेळा नकार नाही. वय जास्त असणंही नाही, फक्त मात्रा बदलते.

नातेवाइकांची सही घ्यायची ती यानंतर. एका वाक्यात सांगा: दिलं नाही तर धोका किती, दिलं तर किती. बाहेर पंधरा जण उभे असतात. निर्णय घेणारा एक जण निवडायला सांगा.

पायरी सहावी: लोडिंग

ॲस्पिरिन घरी मिळालं नसेल तर आता. क्लोपिडोग्रेल ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ७५ च्या चार. पंचाहत्तरीच्या पुढे एकच. चीनमधल्या ‘कमिट’ अभ्यासात ४५,८५२ रुग्णांवर हे औषध तपासलं गेलं, तेव्हा ॲस्पिरिनच्या जोडीला त्याने मृत्यू आणखी कमी केले. टिकाग्रेलॉर हे नवं औषध इंजेक्शनच्या जोडीला इथे नको. ॲटोर्वास्टॅटिन ८० मिलिग्रॅम. ऑक्सिजन फक्त बोटावरचा आकडा ९० च्या खाली असेल तरच. मास्क लावला की नातेवाइकांना बरं वाटतं, हृदयाला त्याचा फायदा नाही. २०१७ मध्ये स्वीडनमधल्या सहा हजारांहून जास्त रुग्णांत हे दिसलं. कळ असह्य असेल तर शिरेतून थोडं मॉर्फिन. दोन्ही हातांत शिरेत सुया आत्ताच लावून घ्या, रक्त आत्ताच काढा. नंतर टोचाटोची नको. मान आणि खांद्याखालच्या शिरेला तर हात लावायचाच नाही.

पायरी सातवी: गाठ फोडणारं औषध

निदान ठरल्यापासून दहा मिनिटांत सुरू व्हावं हे ध्येय. ‘पोचल्यापासून तीस मिनिटं’ ही जुनी मर्यादा, ती तरी ओलांडू नका.

टेनेक्टेप्लेज असेल तर ते पहिलं. एकाच झटक्यात, पाच ते दहा सेकंदांत शिरेतून. मात्रा वजनावर: ६० किलोच्या खाली ३० मिलिग्रॅम, ६० ते ६९ ला ३५, ७० ते ७९ ला ४०, ८० ते ८९ ला ४५, ९० आणि वर ५०. पंचाहत्तरीच्या पुढे याच्या निम्मी. आपल्या भागात बरीच माणसं पन्नास किलोची असतात, म्हणून डोळ्यांनी अंदाज करू नका, वजनकाट्यावर झालेलं वजन नातेवाइकाला माहीत आहे का विचारा. कुपीत दिलेलंच पाणी घाला आणि हलकेच फिरवा. गदागदा हलवलं की फेस होतो. आणि नळीत डेक्स्ट्रोज असेल तर औषध तिथेच साकळतं. आधी साध्या सलाईनने नळी धुवा, नंतरही धुवा. हे औषध पुण्यात, हिंजवडीच्या जेनोव्हा कंपनीत बनतं, आणि २०२२ पासून राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ‘ते परदेशी असतं, इकडे कुठे मिळणार’ हे कारण आता चालत नाही.

टेनेक्टेप्लेज नसेल तर स्ट्रेप्टोकायनेज. १५ लाख युनिट, १०० मिली साध्या सलाईनमध्ये, अर्ध्या ते एका तासात. पैशाला स्वस्त, पण शेजारी बसून राहावं लागतं. दर पाच मिनिटांनी रक्तदाब. तो पडला तर बाटलीचा वेग कमी करा, पाय वर करा, सलाईन द्या, सावरला की पुन्हा सुरू करा. घाबरून बाटली काढून टाकणं ही नेहमीची चूक. थंडी वाजेल, अंगावर पित्त उठेल. पूर्वी कधी स्ट्रेप्टोकायनेज मिळालं असेल तर पुन्हा नको, शरीराने त्याविरुद्ध तयारी करून ठेवलेली असते. हे औषध मुळात घसा सुजवणाऱ्या जंतूंकडून आलं. विल्यम टिलेट यांनी १९३३ मध्ये ते शोधलं, आणि माणसाच्या हृदयापर्यंत पोचायला त्याला पंचवीस वर्षं लागली.

कोणतंही दिलं तरी जोडीला हेपॅरिनचा प्रकार लागतो, नाहीतर उघडलेली धमनी पुन्हा बंद होते. पंचाहत्तरीच्या आत एनॉक्सॅपॅरिन ३० मिलिग्रॅम शिरेतून, मग किलोमागे एक मिलिग्रॅम पोटाच्या त्वचेखाली, दर बारा तासांनी. पंचाहत्तरीच्या पुढे शिरेतली मात्रा गाळा आणि त्वचेखालची किलोमागे पाऊण करा.

कुपी कुठे ठेवायची हा सिरोंच्यातला खरा प्रश्न. स्ट्रेप्टोकायनेजला दोन ते आठ अंश लागतात, आणि मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. लसीच्या आयएलआर फ्रीजमध्ये दुसरं औषध ठेवायला मनाई आहे, आणि ती योग्य आहे. म्हणजे वेगळा फ्रीज, बॅटरीवर चालणारा, आणि दारावर कुपीच्या मुदतीची तारीख.

पायरी आठवी: नव्वद मिनिटं

औषध गेलं की घड्याळ लावा. ६० ते ९० मिनिटांनी पुन्हा ईसीजी. उचललेला एसटी निम्म्याहून जास्त खाली आला आणि कळ गेली, तर धमनी बहुधा उघडली. याच वेळात मॉनिटरवर ठोके वेडेवाकडे दिसतात. रुंद, संथ, स्वतःच्या लयीतले ठोके हे धमनी उघडल्याचं लक्षण, त्यांना औषध देऊ नका. पण व्हेन्ट्रिक्युलर फिब्रिलेशन आलं तर झटका द्यायचा, आणि त्यासाठी डिफिब्रिलेटर चार्ज केलेलं हवं, कपाटात कुलूपबंद नको.

अचानक डोकेदुखी, उलटी, बोलणं अडखळणं, एक बाजू लुळी: सगळी रक्त पातळ करणारी औषधं थांबवा. हिरड्यांतून किंवा लघवीतून थोडं रक्त दिसलं तर घाबरू नका, पण लिहून ठेवा.

पायरी नववी: आता गाडी

इंजेक्शन देऊन माणूस सिरोंच्यातच ठेवायचा, असं कोणी म्हणत नाही. औषध चाललं तर २ ते २४ तासांत अँजिओग्राफी व्हावी. २०१३ च्या ‘स्ट्रीम’ अभ्यासात याच क्रमाने गेलेल्यांचे निकाल थेट अँजिओप्लास्टीच्या बरोबरीचे होते. नव्वद मिनिटांनी एसटी खाली आला नसेल तर वाट न बघता लगेच. म्हणून गाडी इंजेक्शन चालू असतानाच बोलावून ठेवायची. सोबत डॉक्टर किंवा नर्स, डिफिब्रिलेटर, दोन्ही ईसीजी, आणि एका कागदावर ठळक अक्षरांत: कोणतं औषध, किती, किती वाजता. तो कागद नसेल तर पुढचा डॉक्टर तेच पुन्हा देऊ शकतो.

कुठे? जिथे आज, या वेळी कॅथलॅब चालू आहे आणि फोनवर ‘या’ म्हटलंय तिथे. राज्याच्या सीमेने हा निर्णय ठरू नये. फक्त महात्मा फुले योजनेचं कार्ड पलीकडे चालेल का, हे फोनवरच विचारा. आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यातही चालतं, पण ते रुग्णालय योजनेत असावं लागतं. जुलै २०२२ सारखा पूर असेल, मेडिगड्ड्याच्या धरणामागचं पाणी शेतात आणि नाले रस्त्यावर, तर गाडी निघणारच नाही. अशा वेळी ग्रामीण रुग्णालयात दिलेलं इंजेक्शन हाच पूर्ण उपचार ठरतो, आणि तो पुष्कळ वेळा पुरतो.

पायरी दहावी: पहिल्या दिवसापासून पुढे

गाठ उघडली, स्नायूचा काही भाग तरी मेलाच. पुढच्या आठवड्यांत उरलेल्या भागाला ताण पडून हृदय फुगत जातं. ते रोखणारी औषधं पहिल्या २४ तासांत सुरू करायची. मेटोप्रोलॉल थोड्या मात्रेत, तोंडाने. शिरेतून घाईघाईने नको. ‘कमिट’मध्ये त्याने काही जणांचं हृदय शॉकमध्ये ढकललं. दम लागतोय, पायाला सूज आहे, रक्तदाब १०० च्या खाली आहे, तर थांबा. रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल अगदी कमी मात्रेपासून. हृदयाची पंपशक्ती ४० टक्क्यांच्या खाली आणि जोडीला दम किंवा मधुमेह असेल तर एप्लेरेनॉन. स्टॅटिन चालूच.

स्नायू वाचवण्यासाठी आणखी पुष्कळ औषधांनी आशा दाखवली. ग्लुकोज-इन्सुलिन-पोटॅशियम २० हजारांहून जास्त रुग्णांत तपासलं, काही नाही. मॅग्नेशियम, तेही नाही. सायक्लोस्पोरिन, २०१५ मध्ये, नाही. प्राण्यांत चाललेलं माणसांत चालत नाही, याचा हा मोठा संग्रह आहे. म्हणून कोणी ‘हृदय पुन्हा उगवणारं’ काही विकत असेल तर पैसे ॲस्पिरिनला ठेवा.

घरी गेल्यावर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही, साधारण वर्षभर. स्टेंट बसवलेला असताना ‘आता बरं वाटतंय’ म्हणून किंवा दात काढायचाय म्हणून स्वतःहून बंद करणं म्हणजे दुसरा अटॅक बोलावणं. या गोळ्या सरकारी रुग्णालयात मोफत मिळायला हव्यात. संपण्याच्या आठ दिवस आधी जा, कारण पावसाळ्यात पुरवठ्याची गाडीही त्याच रस्त्याने येते. सांधेदुखीसाठी दुकानातून डायक्लोफिनॅक घ्यायचं नाही. खर्रा त्याच दिवशी बंद. जिल्ह्यात तंबाखू सोडवण्याचं मुक्तिपथचं काम चालू आहे, त्यांची मदत घ्या. तंबाखू चघळत ॲटोर्वास्टॅटिन गिळणारी माणसं मी पाहिली आहेत, गोळी बिचारी काय करणार.

वाचणाऱ्यांपैकी कोणी रुग्ण कल्याण समितीवर असेल, ग्रामपंचायतीत असेल, किंवा नुसताच पेशंटचा मुलगा असेल, तर पुढच्या बैठकीत किंवा रुग्णालयाच्या पुढच्या खेपेला एवढे प्रश्न विचारा. गाठीच्या इंजेक्शनच्या कुपी किती आहेत, त्यांची मुदत कधी संपते, फ्रीजची वीज गेल्यावर काय होतं, ईसीजीच्या कागदाचा रोल शिल्लक आहे का, आणि डिफिब्रिलेटर शेवटचं कधी तपासलं. उत्तरं लेखी मागा, पावसाळ्याआधी.